दहावं माप

सूर, ६ ऑक्टोबर २०२४

रेवा,

'चि.' लिहायला पेन उचललं आणि परत ठेवलं. आशीर्वाद राग उतरल्यावर पाठवीन.

तुझं पुस्तक पोचलं. माझं इंग्रजी गोदीपुरतं, म्हणून माझी लेक यशश्री शाळेत शिकवून आली की रोज दहा-बारा पानं वाचायची आणि मराठीत सांगायची. आता मला फोन करू नकोस. फोनवर मी ओरडतो, तू रडतेस आणि मुद्दा तसाच राहतो. मी कागदावर लिहून फोटो पाठवतोय, तूही तसंच कर.

पहिले चार दिवस छाती फुगली होती. मिरीच्या गोण्या, सुरतेचं कापड, नीळ, चिनी भांडी हे सगळं न्यायला युरोपची माणसं कशी आली, त्या मालापायी त्यांची जहाजं, घड्याळं, नकाशे कसे सुधारत गेले. म्हटलं, बहिणीच्या पोरीने नाव काढलं. पाचव्या दिवशी यशश्री एका पानावर अडखळली. मी म्हटलं, वाच. तिने वाचलं. "पूर्वेकडच्या किनाऱ्यांवरच्या कारागिरांनी ज्ञान हातात ठेवलं. ते कागदावर आलं नाही म्हणून तपासलं गेलं नाही, आणि तपासलं नाही म्हणून बदललं नाही." आणि खाली उदाहरण कोणाचं, तर ओमानच्या आपल्या या सूर गावच्या बोटींचं!

अगं, सहावीत असल्यापासून तू सुट्टीत इथे येऊन भुशात लोळलीस. उस्ताद खल्फानचे आजोबा होड्या काथ्याने शिवायचे. खल्फानने खिळे वापरले. इंजिन आलं तेव्हा त्याने बोटीचा मागचा सगळा भाग नव्याने योजला, आणि तो माणूस शाळेची पायरी चढला नव्हता. हे बदलणं नाही तर काय आहे? तीस वर्षं मी त्याच्या हाताखाली काय लाकडं मोजत बसलो होतो?

आणि तुझे ते व्यापारी. मस्कतच्या बंदरावर दोन किल्ले कोणी बांधले? पोर्तुगीजांनीच ना? मिरी विकत घेणाऱ्याला तोफ कशाला लागते? त्यांचा परवाना नसेल तर आपल्या लोकांचं जहाज धरायचे, बुडवायचे, हे तू तीन ओळींत उरकलंस आणि त्यांच्या घड्याळाला तीस पानं दिलीस. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे तुझ्या आईनेही तुला सांगितलं असतं. त्यासाठी परदेशात जाऊन शिकायला नको होतं.

मला या पानाचा जवाब हवा.

दयानंदमामा

*

सोहार, ११ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

माझं मराठी बोलण्याचं आहे, लिहिण्याचं नाही. सोहारच्या शाळेत आम्हाला ते कोणी शिकवलं नाही. चुका दिसतील, त्यावरून आणखी रागावू नकोस.

तोफा होत्या, मामा. मी नाकारत नाही. तीन ओळी कमी पडल्या हेही मान्य. पण तोफा तुर्कांकडे होत्या, मुघलांकडे होत्या. माझा प्रश्न वेगळा आहे. मिरी आणि कापड आणणाऱ्या त्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली. जे दिसलं ते लिहिलं, छापलं. त्यात चुका होत्या. दुसऱ्या गावच्या माणसाने ती चूक वाचली, तिसऱ्याने दुरुस्त केली. कोणी कोणाला ओळखत नव्हता तरी काम पुढे सरकत गेलं. उस्ताद खल्फान त्यांच्यापेक्षा हुशार असतील, पण ते गेले आणि त्यांच्याबरोबर अर्धी गोदी गेली. हे तूच मला सांगितलंस, डोळे पुसत. मग मी लिहिलं तर राग का?

आता एक चांगली बातमी. मी इतके दिवस दाबून ठेवली होती, तुला सरप्राइज म्हणून. इथल्या एका कंपनीने चोपन्न फुटी शिडाची बोट बांधायला घेतली आहे. इंजिन नाही, फक्त वारा. जानेवारीत सलालापर्यंत न्यायची आहे. मापं कुठली माहीत आहे? माझ्या पुस्तकातली, म्हणजे तू मला दोन वर्षांपूर्वी बसून सांगितलेली सगळी. कौशिक नावाचा बोटींचा इंजिनिअर आहे, तो म्हणतो इतकी व्यवस्थित पारंपरिक मापं त्याने कुठे पाहिली नाहीत. फळ्या मारून झाल्या आहेत. नोव्हेंबरात पाण्यात उतरवतील.

तुझा हात मेला नाही, मामा. इथे नवी बोट उभी राहिली आहे. आता तरी आशीर्वाद पाठव.

तुझी रेवा

*

सूर, १५ ऑक्टोबर २०२४

रेवा,

ती बोट पाण्यात घालू नका. हे आधी वाच, मग पुढचं.

तू मापं विचारलीस तेव्हा मी तुला दहा सांगितली. नऊ खरी आहेत. एक खोटं आहे, आणि मी ते जाणूनबुजून खोटं सांगितलं.

हा खल्फानच्या गोदीचा रिवाज आहे, माझ्या मनाचा नाही. बाहेरच्या माणसाने विचारलं तर नाही म्हणायचं नाही. त्याला कहवा द्यायचा, खजूर द्यायचा, मापंही द्यायची. पाहुण्याला विन्मुख पाठवणं त्यांच्यात वाईट. पण नऊ खरी द्यायची आणि दहावं खोटं. ज्याने सात वर्षं आमच्याबरोबर लाकूड तासलं नाही तो बाहेरचा, मग तो सख्खा भाऊ असो. उस्तादाने मला खरं माप दिलं तेव्हा माझं मनगट धरून तसं वदवून घेतलं होतं. तू भाची आहेस, पण तू लाकूड तासलं नाहीस. तू वही घेऊन आलीस.

मला वाटलं, पुस्तकात जाईल. पुस्तकातली बोट काही बुडत नाही. तू ती मापं कोणाला बांधायला देशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि द्यायच्या आधी मला एका शब्दाने विचारलं नाहीस! कोणाचं माप, कोणाची बोट, कोणाचं सरप्राइज!

खल्फानच्या हातची प्रत्येक बोट पहिल्यांदा समुद्रात कोण न्यायचा ठाऊक आहे ना? आपला हुसैनमियाँ. जयगडचा नाखवा, माझ्याच वर्षी इथे आला. तो आता तुमच्या सोहारला मुलीकडे, अमरीनकडे राहतो. त्याला जाऊन विचार, एका चुकीच्या मापाने पाण्यात काय होतं. तो तुला तासभर सांगेल.

कोणतं माप खोटं ते मी सांगणार नाही. शब्द दिलेला आहे. बोट किनाऱ्यावर उभी करा, दिवे लावा, लोकांना दाखवा. समुद्रात नको.

दयानंदमामा

*

सोहार, १७ ऑक्टोबर २०२४

मामा,

तुझं पत्र मी ऑफिसात उभी राहून वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

तू मला खोटं सांगितलंस. मला. मी तुझ्यासमोर तीन दिवस जमिनीवर बसले होते, मामीने केलेल्या घावन्यांची ताटली मांडीवर होती, आणि तू हसत हसत खोटं माप सांगितलंस, मी ते दोनदा वाचून दाखवलं आणि तू "बरोबर" म्हणालास. ते खोटं आता माझ्या नावाने छापलेलं आहे. चार विद्यापीठांच्या लायब्ररीत आहे.

माझ्या चौथ्या चॅप्टरपर्यंत यशश्री पोचली का? त्यात मी लिहिलंय की आपल्या किनाऱ्यांवर येऊन युरोपची माणसं कापड रंगवणाऱ्यांच्या अंगणात बसायची. कुठली मुळी, किती उकळायची, कुठल्या विहिरीचं पाणी, सगळं टिपून न्यायची, आणि तिकडे तो रंग धुण्यात उतरायचा. रंगाऱ्यांनी बहुतेक काहीतरी हातचं राखलं असावं, असा मी अंदाज केला, त्यांच्या हुशारीचं कौतुकही केलं. आज कळलं की अंगणात वही घेऊन बसलेली ती परदेशी बाई मीच आहे.

पण मामा, पुढचंही वाच. त्या लोकांनी फसलेला रंगसुद्धा लिहून ठेवला. पुढच्याने तो वाचला, सुधारला. शेवटी त्यांना रंग जमला, मग यंत्रं आली, आणि रंगाऱ्यांची घरं बसली. लपवून काय वाचलं त्यांचं? तुझ्या खल्फानचं काय वाचलं? त्याच्या गोदीत आज किती बोटी आहेत, मोज आणि मला कळव.

तू रिवाज म्हणतोस त्याला मी भीती म्हणते. कोणतं माप खोटं आहे ते मला लगेच लिही.

रेवा

*

सूर, २५ ऑक्टोबर २०२४

रेवा,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माप माझं, न विचारता दिलंस तू, आणि भित्रा मी.

रंगाऱ्यांची घरं लपवल्यामुळे बसली होय? यशश्रीने मला तोही भाग वाचून दाखवला आहे, फसवू नकोस. त्यांच्या देशात आपलं छापील कापड विकायला बंदी केली, अंगावर घालायलाही बंदी केली, तोवर यांची यंत्रं वाढली. घरं त्याने बसली. तू ते लिहिलंस, पण शेवटच्या पानावर हिशेब मांडताना विसरलीस. शेवटच्या पानावर फक्त कागद आणि शाई उरली. ज्यांच्याकडे काहीच उरत नाही त्यांनी एक माप हातात ठेवलं तर ते तुला टोचतं.

माप मी लिहिणार नाही. तुला हवं तर इथे ये. लाकूड तासायचा वाकस घे, माझ्याशेजारी उभी राहा. सात वर्षं नको, सात महिने राहा, मी उस्तादाची माफी मागून तुला सांगीन. बायकांनी गोदीत उभं राहायचं नाही असं म्हणणाऱ्या लोकांचं मी बघून घेईन. पण वहीवर नाही.

तू कंपनीला सांगितलंस ना? पूर्ण पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. तेवढं दोन ओळींत कळव.

दयानंदमामा

*

सोहार, १९ नोव्हेंबर २०२४

मामा,

तुझे अकरा फोन मी घेतले नाहीत. घेण्यासारखं तोंड नव्हतं. आता लिहिते, सगळं लिहिते.

मी कंपनीला सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. सांगितलं की पुस्तक गेलं, माझं नाव गेलं. कोणतं माप चुकीचं तेही मला ठाऊक नाही, मग सांगू तरी काय, असं स्वतःला पटवत राहिले. मला वाटलं तू कंटाळून लिहिशील. तुझा राग दोन आठवडे टिकतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. यावेळी तो जास्त टिकला.

चौदा तारखेला त्यांनी चाचणीसाठी बोट बाहेर काढली. बंदरात ठीक होती. बाहेर वारा मागून आला, पूर्ण शीड भरलं आणि बोटीने पुढचं टोक, नाळ, पाण्यात खुपसली. मागचा भाग उचलला गेला, सुकाणू पाण्याबाहेर आलं, बोट आडवी फिरली. शीड सोडलं म्हणून उलटली नाही. पण फिरताना सुकाणूचा दांडा झटक्याने बाजूला आला आणि सुकाणू धरणाऱ्याचा उजवा हात दांडा आणि कडेच्या फळीमध्ये सापडला. डॉक्टरांनी मनगटापासून काढला.

मामा, सुकाणूवर हुसैनमियाँ होते.

तुझ्या पत्रात त्यांचं नाव वाचायच्या आधीच मी त्यांना शोधलं होतं. ते म्हणाले की त्यांनी समुद्र सोडला, डोळे चांगले नाहीत. मीच म्हटलं, चाचा, ही मापं दयानंदमामाची आहेत. ते लगेच उठले. म्हणाले, "दयाचं माप? मग काय बघायचं? डोळे मिटून बसतो." तुझं पंधरा तारखेचं पत्र आल्यावर मी त्यांच्या घरी जायला हवं होतं. मी गेले नाही.

आणखी एक ऐक. कौशिक आज माझ्यासमोर डोकं धरून बसला होता. त्याचा कॉम्प्युटर म्हणत होता की डोलकाठी थोडी मागे हवी. त्याने ऐकलं नाही. शेकडो वर्षांचं माप आहे, मी कोण बदलणारा, असं त्याला वाटलं. म्हणजे डोलकाठीची जागा हेच ते दहावं ना? मला आता तुझ्याकडून उत्तर नको आहे. मी कंपनीला लेखी कळवलं आहे, सगळं, माझ्या गप्प बसण्यासकट.

मला तुझा राग येतो. पण तो पूर्ण काढता येत नाही, कारण मध्ये मीच उभी आहे.

रेवा

*

सूर, २१ नोव्हेंबर २०२४

रेवा,

होय, डोलकाठी.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी माझी गत. मियाँचा हात जावा लागला तेव्हा माझं पेन हललं. मीही त्या महिनाभरात कंपनीला फोन करू शकत होतो. नंबर यशश्रीने काढून दिला होता. मी तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो, कारण मला जिंकायचं होतं. तू पुस्तक वाचवत होतीस, मी शब्द वाचवत होतो, आणि बोटीवर ज्याला बसायचं होतं त्याला आपण दोघांनीही विचारलं नाही.

आता खरं लिहितो. उस्तादाचा शब्द मोडतोय, त्याचं काय व्हायचं ते माझं होईल.

डोलकाठीच्या जागेचं माप नाहीच. लांबीचे पाच भाग करून नाळेकडून दोन भागांवर, हे मी तुला सांगितलं ते खोटं. पण तीन भागांवर, अडीच भागांवर असं कोणी सांगितलं तरी तेही खोटंच. आकडाच नाही. भरती संपून पाणी स्थिर झालं की रिकामी बोट पाण्यात सोडायची. नाळेला आणि मागे खडूची खूण करायची. डोलकाठी आणि शिडाचं आडवं लाकूड मिळून जेवढं वजन, तेवढी ओली वाळू गोण्यांत भरायची. त्या गोण्या बोटीच्या मध्यरेषेवर ठेवून नाळेकडून मागे सरकवायच्या, एका वेळी एक वीत. दर वितेला दोन्ही खुणा बघायच्या. ज्या जागेला दोन्ही खुणा सारख्याच बुडतात तिथून आणखी थोडं मागे जायचं, आणि तिथे डोलकाठीचं घर कोरायचं.

ते 'आणखी थोडं' किती, हेच खरं गुपित. ते प्रत्येक बोटीला वेगळं. नवी बोट पहिल्या फेरीवरून आली की खल्फान किनाऱ्यावर उभा असायचा. मियाँ उतरला की पहिला प्रश्न, "कुठे ओढते?" मियाँ सांगायचा, मागून वारा आला की नाक घालते, किंवा डावीकडे जाते, किंवा काही नाही, शांत आहे. त्यावरून उस्ताद पुढच्या बोटीचं 'आणखी थोडं' ठरवायचा. बावीस बोटी असं चाललं.

तू लिहिलंस की आम्ही तपासलं नाही, म्हणून बदललं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा घातलास पोरी. पण तुला दोष कुठे देऊ? कळसा काखेत झाकून धरणारा मीच होतो. पुस्तकात माझं खोटं माप आहे ते खोडू नकोस. त्याच्याखाली छाप की हे दयानंद सुतार यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं, आणि त्याची किंमत कोणी दिली तेही छाप.

मी रविवारी सोहारला येतोय. गोण्या आणि वाळू तयार ठेवायला कौशिकला सांग. मियाँला मी वेगळं पत्र पाठवलं आहे, त्यात हेच सगळं लिहिलं आहे आणि माफी मागितली आहे. अमरीनला म्हणावं, वाचून दाखव.

दयानंदमामा

*

सोहार, ४ डिसेंबर २०२४

दयानंद,

हे अमरीन लिहिते आहे. मी बोलतो तसंच लिही, गोड करू नकोस, असं मी तिला बजावलं आहे.

तुझं पत्र मिळालं. तू दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत आलास आणि परत गेलास, हेही माझ्या बायकोने, कुबराने, खिडकीतून पाहिलं. बरं केलंस गेलास. तेव्हा आत आला असतास तर डाव्या हाताने मारला असता.

तुझी रेवा आली होती. दारातच रडायला लागली. मी तिला बसवलं, चहा दिला. ती शिकलेली पोर आहे, नाव जाईल म्हणून घाबरली. घाबरलेल्या माणसावर मी समुद्रात चाळीस वर्षं रागावलो नाही, आता काय रागावू. तिने सांगितलं की तुम्ही गोण्या ठेवून डोलकाठीची जागा काढली आणि ती पुस्तकात दुरुस्ती छापणार आहे. छापू दे. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, मला काय लाभ झाला तो माझ्या बाहीत बघून घे.

तू लिहिलंस की खरी रीत वाचून मला आश्चर्य वाटेल. अमरीन वाचत होती आणि माझं डोकं तापत होतं. गोण्यांचं मला ठाऊक नव्हतं. तेव्हा तुम्ही मला गोदीच्या बाहेर कहवा प्यायला बसवायचात. मी म्हणायचो, कारागिरांचं काहीतरी असेल, आपण कशाला बघा. पण "कुठे ओढते" हे खल्फान मला विचारायचा तेव्हा मी समजायचो की तो माझी खुशाली विचारतोय. बावीस वेळा मी जीव हातात घेऊन तुमच्या नव्या बोटीवर बसलो, वल्लाह, बावीस वेळा खरं सांगितलं. त्यातून तुमचं माप झालं. मग ते माप तुम्ही झाकलं, आणि त्याच्या जागी जे खोटं ठेवलं त्याच्यावर मला बसवलं.

आपण एका वर्षी या देशात उतरलो. तुझ्या यशश्रीच्या बारशाला कुबराने पाळणा सजवला. माझा बाप गेला तेव्हा तू माझ्याबरोबर तीन दिवस उपाशी होतास. अडतीस वर्षांत तू मला एकदा तरी सांगायला हवं होतंस की तुमच्याकडे बाहेरच्या माणसाला दहावं माप खोटं देतात. सांगितलं असतंस तर त्या दिवशी रेवाने "दयानंदमामाचं माप" म्हटल्यावर मी आधी एक विचारलं असतं, की बाई, तुला दिलं ते कितवं?

मी लाकूड कधी तासलं नाही, ते खरं आहे. म्हणून मी बाहेरचा होतो का, दया? हे तू लिहून पाठवू नकोस. इथे येऊन, माझ्यासमोर बसून सांग.

हुसैनमियाँ